कोपऱ्यातली चारपेडी वेणी

दिवे जायला आणि तो आत यायला एकच गाठ पडली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. हवेतला ओलावा बदलला की केसाची तऱ्हा बदलते, म्हणून शाम्पूच्या त्या कारखान्यात ही एक खोली चहूबाजूंनी बंद ठेवलेली. आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. अवजारांची पेटी घेऊन तो अंदाजाने पुढे सरकला, आणि काहीतरी ओलं, गार, लांबलचक त्याच्या तोंडावरून सावकाश फिरलं.

त्याने अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या कपाटातल्या बाटल्या वाजल्या.

"घाबरू नका हो," अंधारातून एक मुलगी म्हणाली. "केस आहेत."

"कोणाचे?"

"तसे आता... कोणाचेच नाहीत."

ह्यावर त्याने दुसरी किंकाळी फोडली, आणि तेवढ्यात दिवे आले. समोर दोरीवर केसांच्या बटा टांगलेल्या होत्या. काळ्या, तपकिरी, पिकलेल्या, वरच्या टोकाला चिमट्यात पकडलेल्या. खाली डोकं नाही, चेहरा नाही, नुसते केस. आणि पलीकडे बेसिनपाशी डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती.

तिला कारखान्यात सगळे फेसवाली म्हणत. शाम्पूचा प्रत्येक नवा घाणा काचेच्या उंच नळीत घुसळायचा, त्याचा फेस मोजायचा, मग त्याने बटा धुवून बघायच्या, हे तिचं काम. आणि हा आला होता विंचरणारं यंत्र बसवायला. ओल्या बटेतून कंगवा खाली ओढायला किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र. पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'विंचरणारे साहेब' पडलं. किंकाळीची बातमी तोवर कॅन्टीनपर्यंत पोचली होती.

यंत्र बसवणं आठवड्याचं काम. पण साहेबांना प्रश्न फार.

"एवढा फेस झाला म्हणजे शाम्पू चांगला ना?"

"फेस नुसता मिरवतो. मळ काढणारे कण वेगळे. त्यांचं एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला. टाळूवरचं तेल धरायचं आणि पाण्याबरोबर निघून जायचं. डोकं फार तेलकट असेल तर पहिल्या धुण्याला फेस येतच नाही. लोक उगाच बाटलीला शिव्या देतात."

"आणि हे बदाम, मध, जीवनसत्त्वं?"

"ते बाटलीवरच्या चित्रात! उरलेलं गटारात जातं. गटाराचे केस काय सुंदर असतील, नाही?"

तो हसला. तो हसला की डावा डोळा जरा जास्त मिटायचा... हे तिने बघायला नको होतं, पण बघितलं.

"मग केसाला मऊ कोण करतं?"

आता मात्र ती हळू बोलली. "केस दुखावला ना, उन्हाने, रंगाने, ओढाताणीने, की तिथे त्याच्यावर ऋण भार वाढतो. आम्ही शाम्पूत धन भाराचं एक द्रव्य घालतो. ते बरोबर तिथेच जाऊन चिकटतं. जिथे जास्त दुखावलेलं, तिथे जास्त."

"शहाणं आहे की," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने रुमालाची गाठ उगाच घट्ट केली.

त्या रुमालाखाली काय होतं ते फक्त तिला आणि तिच्या आरशाला ठाऊक होतं. आई गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिचे केस जायला लागले. मुठीने जायला लागले. असं का होतं ते तिला पाठ होतं. जिवाला मोठा धक्का बसला की मुळं झोपी जातात, केस सुटून तिथेच बसून राहतो आणि मागाहून न्हाताना हातात येतो. शाम्पू बिचारा फुकट बदनाम होतो. मुळं पुन्हा जागी होतात. हेच ती दुसऱ्या कोणाला हसत समजावून सांगायची. पण स्वतःची उघडी पडलेली टाळू आरशात दिसली की सगळं ज्ञान बसायचं गप्प. वाटायचं, हा रुमाल सुटला की हे विंचरणारे साहेब मान वळवतील आणि पेटी उचलून चालू लागतील.

आणखी एक गोष्ट तिने लपवली होती. कोपऱ्यातली सगळ्यात लांब, काळीभोर बट बाजारातून विकत आणलेली नव्हती. आजारपणात आईने स्वतःच केस कापले होते आणि म्हणाली होती, "तुझ्या कामाला येतील गं." घरी त्या केसांकडे बघवेना. मग तिने नियम मोडून त्यांची बट बांधली आणि इतर बटांमध्ये टांगली. रोज कोमट पाण्याने धुवायची. काम म्हणून.

एक दिवस चहा पिताना ती बोलून गेली, "माझी आई चारपेडी वेणी घालायची. तीन पेडांची कोणीही घालतं म्हणायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातली बट वेणीत होती. चार पेडांची. घट्ट, नीट, टोकापर्यंत.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग आठवलं, साहेब तिच्याही आधी येऊन यंत्र तपासत असतात. म्हणजे बोलणं लक्षात ठेवलं होतं तर! वेणी सोडताना तिचे कान गरम झाले. ती एक अक्षर बोलली नाही. तोही बोलला नाही, पण दिवसभर शीळ घालत होता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी वेणी, ती सोडायची, धुवायची, टांगायची. सफाईवाल्या मावशी मात्र त्या कोपऱ्यात पाऊल टाकीनात. "वारा नाही, काही नाही, आणि एकटी तीच बट हलते. मला नको सांगूस बाई. झाडू मी दारापर्यंतच मारणार."

यंत्राचीही एक गंमत होती. बाकी सगळ्या बटांवर ते शहाण्यासारखं चालायचं. कोपऱ्यातली बट लावली की कंगवा मध्यावर यायचा आणि थांबायचा, कोणी डोकं मागे ओढून घ्यावं तसा. साहेब म्हणाले, "शनिवारी निघायचं म्हणतोय," की हमखास अडकायचं. शनिवार आला आणि गेला. पुढचाही गेला.

"मुद्दाम बिघडवता ना तुम्ही?" तिने विचारलं.

"मी?" त्याचा डावा डोळा मिटला. "मला वाटलं, तुम्हीच..."

"मी कशाला?"

"सहज. मी राहावं म्हणून."

"तोंड बघा आरशात!" ती म्हणाली. पण तिच्या हातातल्या नळीतला फेस सांडला तो सांडलाच.

शेवटी त्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. यंत्र चालो न चालो, परत या, दुसरा माणूस पाठवू. दुपारच्या वेळी तो पेटी आवरायला बसला. ती बेसिनपाशी पाठमोरी उभी होती, नळ उगाच सोडून. आज आपण बोललो नाही तर संपलं, हे तिला कळत होतं. आणि बोललो तर रुमाल सोडावा लागेल, हेही.

"एक सांगू?" तोच म्हणाला. "यंत्राचं जाऊ दे. मी रोज सकाळी धावत यायचो ते ती वेणी बघायला. तुम्ही माझ्यासाठी घालून ठेवायचात ना... मला फार आवडायचं."

तिने नळ बंद केला.

"मी घालून ठेवायचे?"

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही घालता."

"अहो, मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही!"

"मला चारपेडी येत नाही," ती म्हणाली. "मी शिकलेच नाही. आई होती ना घालायला..."

दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे बघितलं. तिने सकाळीच सोडून, धुवून टांगलेली बट होती. तिच्या टोकाशी चार पेड पडलेले होते. बघता बघता एक पेड उचलला गेला आणि दुसऱ्यावरून अलगद पलीकडे गेला.

त्याच्या हातातला पाना खणकन पेटीत पडला.

"ती बट..." ती म्हणाली. "ती माझ्या आईची आहे."

त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "मला पळावंसं वाटतंय," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग पळा."

"पाय ऐकत नाहीत. भीतीने, की तुम्ही इथे आहात म्हणून, ते कळत नाही."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? तिने रुमालाची गाठ सोडली. "हेही बघून घ्या. म्हणजे पळायला सोपं जाईल."

विरळ, आखूड, निस्तेज केस. मधे मधे टाळू दिसत होती. तो बघत राहिला. ती मनात वाट बघत होती, मान आता वळेल, आता वळेल...

तो जवळ आला. "कुठे जास्त दुखावलंय?" त्याने विचारलं.

तिने नुसता हात छातीशी नेला.

"मग मी तिथेच चिकटणार," तो म्हणाला. "तुमच्याच शाम्पूचा गुण आहे, मला काही बोलू नका."

मग त्याने बाही दुमडली आणि कोमट पाणी सोडलं. ती बेसिनवर वाकली. डोळे मिटले. तिच्याच हातचा सौम्य घाणा, मळ काढणारा पण टाळूला न ओरबाडणारा, तिच्याच डोक्यावर.

"टोकांना नको चोळूस," ती फेसातून म्हणाली. "टोकं मेलेलीच असतात. जिवंत असतं ते मूळ. टाळूला लाव. आणि नखं नकोत, बोटांची पेरं." आपण 'तू' म्हणालो हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"जशी तुझी आज्ञा," तो म्हणाला. त्याचे हात धसमुसळे होते, पण जीव लावून चालले होते.

फेस वाढला, कानात पाणी गेलं. बोटं आता हलकी झाली होती. कपाळापासून मानेपर्यंत, न घाई करता, न ओढता. किती पटकन शिकला, असं तिला वाटलं. मग त्या बोटांनी कानामागचे केस वेगळे घेतले. त्यांचे भाग केले. एक, दोन, तीन... चार.

"टॉवेल कुठल्या कपाटात आहे गं?" त्याचा आवाज आला. दाराच्या बाहेरून.

तिचा श्वास थांबला. बोटं मात्र थांबली नाहीत. लहानपणी शाळेला उशीर होत असताना चालायची तशीच ती चालत होती. नीट बस, हलू नकोस, झालंच. तिला ओरडता आलं असतं. पण मिटलेल्या डोळ्यांतून फेस आणि आसवं एकत्रच ओघळायला लागली.

"असू दे," ती म्हणाली. "टॉवेलची घाई नाही. जरा वेळाने ये."

तो आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. कानामागे, एवढ्याशा केसांची, बोटभर लांबीची चारपेडी वेणी होती. त्याने ती बघितली. मग कोपऱ्याकडे बघितलं. बट सरळ, मोकळी, अगदी स्थिर टांगलेली होती. त्याने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, आणि हात तिथून काढला नाही.

"एकदा यंत्र लावून बघायचं?" ती म्हणाली.

तिने स्वतः बट लावली. कंगवा वरून निघाला, मध्यावर आला. दोघांनी श्वास रोखला. आणि कंगवा लोण्यातून जावा तसा टोकापर्यंत उतरला.

"काम संपलं तुझं," ती पुटपुटली.

"इथलं संपलं." तो बटेकडे बघत, जरा खाकरून, जावयासारखा अदबीने म्हणाला, "तुझ्या बाबांना कधी भेटायला येऊ? आईंची तर परवानगी आलेली दिसते."

यंत्र बंद होतं. तरी कंगवा पुन्हा एकदा, सावकाश, वरपासून खालपर्यंत फिरला.