पहारेकऱ्याच्या कपाळावरची पट्टी

टोपी बाजारातल्या त्या छापखान्याच्या काउंटरवर अपर्णाची नजर गेली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

शंतनु तिथं असणार हे ठाऊक होतं. छापखाना त्याच्या घरचाच. त्याच्याच धास्तीने दोन वर्षं तिने ही गल्ली टाळली होती. पण आज दादा आजारी पडला, नि आईने बाबांच्या साठीशांतीच्या पत्रिका सांगायला हिलाच पिटाळलं. बरं, शंतनुचं एक वेळ सोडा हो! त्याच्यासमोर खेळायच्या पत्त्यांच्या ताज्या नमुन्यांचा ढीग होता, आणि सगळ्यात वरच्या पत्त्यावर जंगलाचा पहारेकरी उभा होता... हातात मशाल, कपाळावर पट्टी, आणि चेहरा थेट शंतनुचा!

हे चित्र काढणारी कोण? हीच बया.

त्याचं असं झालं. नेटवर एक फुकटचा पत्त्यांचा खेळ आहे. राक्षस, जादूगारणी, ड्रॅगन, सगळी मंडळी. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात फुटकळ पत्ते, त्यात 'भीती' नावाचे तर निव्वळ अडगळीचे. मग डावागणिक बरे पत्ते मिळवत आपला जोड बांधायचा. कुणीही छापा, कुणीही बदला, फक्त मूळ चित्रकाराचं नाव खाली घाला. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या, शामलाताईच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आली तेव्हा अपर्णाने शंतनुला पाहिलं, घरी जाऊन हा पहारेकरी काढला, आणि 'वाघूळ' असं टोपणनाव घालून खेळाला देऊन टाकला. एकदा दिलं की परत मागता येत नाही. म्हटलं, सातासमुद्रापलीकडचे लोक खेळतील, ग्वाल्हेरात कोण बघतंय!

"या ना," शंतनु म्हणाला. "कॉलेजच्या मुलांची ऑर्डर आहे. हे बघा... मेरी ही शकल है ना?"

"छे! मुळीच नाही." अपर्णाने पत्त्यावरची नजर काढून घेतली. आता हा चिडणार. न विचारता माझा चेहरा जगभर वाटला म्हणणार. याची आई, कुसुमताई, गणेशोत्सवात आपल्या आईला खेटून बसते, म्हणजे रात्रीपर्यंत अख्ख्या लश्कर भागात खबर!

"कोण असेल हे वाघूळ?"

"मला काय माहीत? तुम्ही... रागावलात?"

"बहुत." तो शांतपणे पत्ते कापत राहिला. "सापडू दे फक्त."

"मग तो पत्ता गाळूनच टाका ना! नाहीतर चेहरा बदला. बदलता येतं, नियमच आहे तसा."

"अरे वा! तुम्हाला नियमपण ठाऊक?"

मेलं तोंड! अपर्णाने पर्स उचलली. "पत्रिकांचं... दादाच येईल," म्हणत ती दाराकडे वळली.

"थांबा तर." आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "ही पट्टी बघा. शटर लागलं होतं मला, आठवडाभर बांधली होती. त्या आठवड्यात आलं कोण? दाल बाजारचे दोन शेठ, एक पंडितजी... आणि तुम्ही. शेठ लोक चित्रं नाही काढत."

धरणीने पोटात घ्यावं तर ती घेईना. अपर्णाचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण... भीती वाटली."

"मला काय कमी वाटली?" तो म्हणाला. "पत्रिका घेऊन गेलात, फिर आयीं ही नहीं. घरी येऊन विचारायची हिंमत नव्हती." त्याने ड्रॉवरमधून एक पत्ता काढला. "बदलता येतं ना? मग मी एक वाढवलाय."

पत्त्यावर एक मुलगी होती. पिवळी ओढणी, पत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरलेला, डोळे घाबरे. खाली लिहिलं होतं, 'हा पत्ता पहारेकऱ्याशेजारी पडला, की दोघांच्या हातातली सगळी भीती बाद.'

"नाक आहे की वांगं हे?" रडतारडताच ती हसली.

"मुझे कहाँ आता है! मूळ चित्रकाराने सुधारावं." मग त्याने पहारेकऱ्याचं प्रूफ पुढे सरकवलं. तळाला 'चित्र' एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. "इथं खरं नाव हवं होतं मला. पण जबरदस्ती नाही. तुम्ही गेलात तर वाघूळच छापतो, कुणाला कळणार नाही. सच्ची."

दार उघडं होतं. नुसतं चालू लागायचं, की झालं. कुसुमताई नको, लश्कर नको, काही नको.

...आणि मग दोन वर्षं पुन्हा हीच गल्ली टाळायची?

तिने पेन उचललं. अक्षर पार वाकडं आलं, पण नाव उमटलं... अपर्णा.

"आडनाव?" त्याने हळूच विचारलं.

"ते राहू दे," ती मान खाली घालून म्हणाली. "पुढे बदलायचं झालं... तर पुन्हा छापावं लागेल."

बोलून गेली, नि स्वतःच इतकी घाबरली की तडक पायऱ्या उतरून पळाली. शंतनु हातात पत्ता धरून तसाच उभा. बाबांच्या पत्रिकांचं सांगायचं राहूनच गेलं, ते तिच्या लक्षात आलं पार घराच्या दारात.

"आई," ती म्हणाली, "उद्या पुन्हा जावं लागेल गं. मीच जाते."