सोळा नंबरचा चॅनेल

वायरलेसच्या सोळा नंबर चॅनेलवर गप्पा मारायच्या नसतात. बोटींनी तिथे फक्त हाक मारायची, समोरून ओ आली की दुसऱ्या चॅनेलवर जायचं. बुडणाऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून तो मोकळा ठेवायचा. एकाने बटण दाबून धरलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. अशा महाभागांना शोधून काढणं ही माझी नोकरी.

त्या दुपारी वारा चढत होता, बोटी अजून बाहेर होत्या आणि चॅनेल कुणीतरी अडवला होता. एका हातात वायरलेस सेट, दुसऱ्यात अँटेना धरून मी गल्ल्या पालथ्या घातल्या. तो ज्या दिशेला वळवल्यावर मीटरची सुई चढेल, तिकडे चालायचं. सुईने मला माझ्याच घरी आणून सोडलं.

बाबा खुर्चीत बसले होते. बंदरावरच्या वायरलेस केंद्रात त्यांची हयात गेली. धाकट्या भावाची बोट बुडाली, त्याच आठवड्यात त्यांना झटका आला आणि वाचा गेली. त्यांचा घरातला सेट मीच भंगारात दिला. आता त्यांना भरवतो मी, न्हाऊ घालतो मी. डोळे मात्र सदा दाराकडे, लाडक्याच्या वाटेकडे. संताप येतो, खरंच सांगतो.

अँटेना त्यांच्या छातीकडे वळवला. सुई टोकाला गेली.

ओठ घट्ट मिटलेले होते. पण माझ्या हातातल्या सेटमधून त्यांचाच खणखणीत आवाज येत होता. "धाकट्या, ऐकतोयस ना? बोल रे बाळा."

आवाज श्वासापुरता थांबला तसं मी बटण दाबलं. "बाबा, मी आहे. थोरला."

"चॅनेल मोकळा ठेवा. इथे फक्त संकटातल्यांनी बोलायचं."

त्याला बाळा, आणि मला हे. परक्याला बोलावं तसं.

मोबाइल वाजला. साहेब होते. "अहो, सापडला का तो? मध्येच एक बोट मदत मागतेय, पण शब्द कळत नाहीयेत!"

लहानपणी धाकट्याची नक्कल करायचो, तसा आवाज काढला. "बाबा, धाकटा बोलतोय. धक्क्याला लागलो. सुखरूप आहे."

सेट गप्प झाला. बाबांच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते हसले, दाराकडे बघून.

पुन्हा साहेब. "शाब्बास! बोटीचा ठिकाणा लागला. मदत निघाली."

मी अँटेना खाली ठेवायला गेलो. त्याचं तोंड माझ्या छातीकडे वळलं.

सुई टोकाला गेली.

सेटमधून खोकल्याचा आवाज आला, पाणी गिळल्यासारखा. "दादा, खोटं का सांगितलंस? मी अजून पोहतोय."

बाबांनी दारावरची नजर काढली. धाकटा गेल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघू लागले.