मोजून आणलेली माणसं

हजेरीपत्रकात मी आयुष्यात कधी खाडाखोड केली नाही. सांब्र्याच्या शाळेत पंधरा वर्षं मास्तरकी केली. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी भिंतीच्या चुन्यापासून माझ्या टोपीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली, पण हजेरीपत्रकाला कुणी बोट लावलं नाही. म्हणूनच १९७६ च्या जानेवारीत प्राथमिक शिक्षकांची शैक्षणिक सहल निघाली तेव्हा तिचं प्रमुखपण माझ्या गळ्यात पडलं. भूगोल शिकवणाऱ्यांनी एकदा तरी समुद्र बघावा, एवढाच हेतू. आगगाडीनं गोव्यात जायचं, पणजीहून सकाळची बोट धरायची, दिवसभर किनारा बघत संध्याकाळी मालवणला उतरायचं. माझ्यासकट तेवीस माणसं.

बेळगाव स्टेशनवर सत्याप्पाची बायको तानीबाई वडगावहून दशम्यांचं गाठोडं घेऊन आली होती. सत्याप्पा माझा ट्रेनिंग कॉलेजपासूनचा दोस्त. गाठोडं त्याच्या हातात देऊन ती माझ्याकडे वळली.

"अण्णा, ह्येंला पवायला येत न्हाय. मोजून न्हेताय तसं मोजून आणा."

"वैनी, गणिताचा मास्तर हाय मी," मी म्हटलं. "एक कमी पडायचा न्हाय."

बोट दहाच्या सुमाराला सुटली. खाडी संपून समुद्र लागला तसे निम्मे मास्तर कठड्याला जाऊन ओकून आले आणि मग मात्र सगळ्यांना मजा वाटू लागली. नागुबाई शिंदे बाईंनी कठड्याला कोकणचा नकाशा बांधला आणि त्या एकेक खाडी दाखवू लागल्या. ऊन कोवळं होतं. तेलाचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. कुणाला कसली घाई नव्हती. शाळेची घंटा नाही, पोरांचा कालवा नाही. असा निवांत दिवस मास्तरांच्या वाट्याला कधी येतो?

जेवणाआधी मी हजेरी घेतली. यादी जूनमध्ये टाइप केलेली, चोवीस नावांची. चौदावं नाव भरमू गावडेचं. खानापूरकडचा हा आमचा तिसरा दोस्त श्रावणात मलप्रभेच्या पुरात वाहून गेला. नवी यादी करायची माझ्याकडून राहूनच गेली होती. आणि हजेरी घेताना मास्तर मान वर करत नाही. कानानं ऐकतो आणि हातानं रेघ मारतो.

"भरमू गावडे."

"हजर."

रेघ मारून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर बघतो तर सत्याप्पानं आपलं तोंड हातानं दाबून धरलं होतं.

दोष त्याचा नव्हता. भरमूची गाडी खानापूरहून कायम उशिरा यायची, आणि प्रत्येक शिबिरात सत्याप्पा त्याची हजेरी लावायचा. उलट सत्याप्पाला सिनेमाला पळायचं असलं की भरमू म्हणायचा, "तू जा, मी लावतो." फक्त भरमूला 'हजर' म्हणायचं सुचायचं नाही. तो नाकातून "हाय की" म्हणायचा आणि वर्गात हशा पिकायचा. बारा वर्षांची सवय ती.

"तोंडातनं ग्येलं, अण्णा," सत्याप्पा म्हणाला. "खोडा तेवढं."

"शाईची रेघ हाय. खाडाखोड चालत न्हाय. सांजच्याला खाली शेरा मारतो."

लोक हसले. सत्याप्पा हसला नाही.

जेवण झाल्यावर तो लांब बाकावर एकटा जाऊन बसला, तोही एका टोकाला. बाकी बाक मोकळा, पण तिथं कुणी बसेना. मी गेलो. उन्हानं सगळा डेक चटका देत होता आणि त्याच्या शेजारची फळी मात्र काळी, ओली. पाणी खाली टपटपत होतं. लाट उडाली असेल म्हणून मी बोट बुडवून जिभेला लावलं.

गोडं पाणी होतं. किंचित मातकट, पुराच्या पाण्यासारखं.

"कुणीतरी तांब्या सांडलाय," मी म्हटलं.

सत्याप्पा माझ्याकडे बघत नव्हता. "अण्णा, त्यो एकच बोलतोय सारखा. तू जा, मी लावतो. तू जा, मी लावतो." त्यानं माझा दंड धरला. त्याची बोटं गार पडली होती. "तेवढी रेघ खोडा की. पाया पडतो तुमच्या."

मला भीती वाटली, हे आज लिहायला लाज नाही. पण त्या वेळी मी भीतीला राग समजलो. चाळिशीचा माणूस, मास्तर, आणि चार लोकांत काय हे.

"गप पड जरा," मी म्हटलं. "ऊन लागलंय तुला."

तो उठून बोटीच्या मागच्या बाजूला गेला. मी नागुबाईंच्या खाड्यांची नावं ऐकत बसलो.

मालवणला बोट लांब समुद्रातच थांबते. उतारूंना किनाऱ्यावर न्यायला पडाव नावाची मोठी होडी येते. उतरताना एकच झुंबड उडाली. वारा सुटला होता, बायकांनी पदर आणि पुरुषांनी टॉवेल डोक्याला गुंडाळलेले. तोंडं काही दिसत नव्हती, म्हणून सगळे पडावात बसल्यावर मी डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीस. शेवटचा माझ्याकडे पाठ करून टोकाला बसला होता. त्याच्या टॉवेलातून पाणी गळत होतं, पण पडावात बसल्यावर शिंतोडे उडायचेच.

"चला," मी नावाड्याला म्हटलं.

वाळूवर उतरलो. उजेड अजून होता. मी यादी काढली आणि एकेक नाव घेत गेलो. भरमूचं नाव या खेपेला वगळलं.

"सत्याप्पा कुंभार."

"हाय की."

मी रेघ मारली.

मग माझा हात थांबला.

कुणीच हसलं नाही. नागुबाई माझ्या मागे बघत होत्या, जिथून आवाज आला तिथं. मी मान वळवली.

ओली वाळू होती. पाण्याकडून पावलं आलेली दिसत होती. माझ्या पाठीशी येऊन ती संपली होती.

मी माणसं मोजली. माझ्यासकट बावीस.

बोट निघून गेली होती. नुसता धूर दिसत होता.

पोलिसांनी पुढच्या बंदरात बोट तपासली. कोळ्यांनी तीन दिवस समुद्र धुंडाळला. माझ्या यादीवर सत्याप्पाच्या नावापुढे हजेरीची रेघ बघून फौजदार म्हणाले, "मग किनाऱ्यावर तर आलाच होता की तो."

पाचव्या दिवशी मी वडगावला गेलो. भर दुपारी. गल्लीभर मागांची खटखट चालली होती. काय सांगायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं, आणि दार उघडताच सगळं विसरलो. तानीबाईच्या हातात ओलं फडकं होतं.

"या की अण्णा. मोजून आणलासा, लई उपकार झालं."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"चार दिस झालं ह्ये येऊन. जेवत न्हाईत, बाहीर येत न्हाईत. आवाज पार बसलाय, वळकूच येत न्हाय. आणि अंग पुसून पुसून मी दमले, वाळंना झालंय." तिच्या पायापासून आतल्या खोलीपर्यंत पाण्याची एक बारीक धार गेली होती. तिनं मान वळवून हाक मारली, "अवो, अण्णा आल्यात."

आतून नाकातला आवाज आला, "हाय की."