मंगळवारची काच

सकाळी साडेआठला ती दुकानाचं शटर उघडायला खाली उतरली, तर एक अनोळखी माणूस तिच्या भिंतीवर प्लॅस्टर थापत होता. विचारणं नाही, सांगणं नाही. बाहेर पावसाची भुरभुर, रेनकोटातून पाणी ठिबकतंय, आणि हा आपला इतका रंगून गेलेला की जणू भिंत त्याच्या आजोबांनी बांधली होती.

"ओ! भिंत कोणाची आहे?"

तो वळला. नाकावर प्लॅस्टरचा ठिपका. "तुमचीच असणार. इतक्या हक्काने दुसरं कोण ओरडेल?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

गेले दोन महिने गल्लीत दुसरा विषय नव्हता. पुलापाशी संपणारी मेट्रो आता वस्तीत आणायची होती, तीही भुयारातून, आणि भुयार नेमकं या गल्लीच्या खालून जाणार होतं. चौकात चाचणीचं खोदकाम सुरू झालं आणि आठवड्याच्या आत अकरा नंबरच्या भिंतीला दारापासून वरच्या खिडकीपर्यंत फट पडली. खाली फ्रेमचं दुकान, वर ती आणि तिचे बाबा. भिंत गेली तर दोन्ही जाणार होतं. हातातली कामं करताकरताही तिचं लक्ष त्या फटीकडेच असायचं.

"मी मेट्रोचा मोजणीवाला," तो म्हणाला. "फटीवर ही काचेची पट्टी आडवी बसवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टी तडकते. मी दर मंगळवारी येऊन बघणार. तडकली, तर मार्ग कालव्याच्या रस्त्याखालून न्या असं मी लिहून देईन."

"आणि नाही तडकली तर?"

"तर मग... इथूनच."

तिने पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि उजेडात धरली. "ही काच कापली कोणी?"

"मी."

"कापली? कुरतडली म्हणा. ही भिंतीच्या आधी स्वतःच्या कडेनेच तडकेल, आणि तुम्ही सांगत सुटाल, फ्रेमवालीने मुद्दाम फोडली म्हणून!"

ती तरातरा आत गेली, फ्रेमच्या काचेतून तेवढीच पट्टी कापली, कडा घासल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवली. बोटाला बोट लागलं.

"जपून हं, धार आहे," ती म्हणाली.

"काचेला ना? मगाचपासून कळत नाहीये..."

प्लॅस्टर सुकल्यावर त्याने लाल पेनाने पट्टीवर तारीख घातली. तिने वाकून पाहिलं. "हा नऊ आहे?"

"मग काय आहे?"

"मला वाटलं, डास मेलाय."

बाबा त्या आठवड्यात आत्याकडे गेले होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, भिंतीवर हे काय चिकटवलंय? ती म्हणाली, सरकारी खूण आहे, राहू द्या. फटीचं, भुयाराचं त्यांना काही म्हणता काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सत्तरी उलटलेली, कानाने कमी ऐकू येणारं माणूस. उगाच जिवाला घोर कशाला?

मग मंगळवारांची रांग लागली. तो बरोबर साडेआठला हजर व्हायचा, पट्टी बघायचा, वहीत टिपायचा आणि भांडण सुरू व्हायचं. तिने म्हणायचं, तुमच्या मेट्रोने आमची वाट लावली. त्याने म्हणायचं, मेट्रो आली की तुमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागेल. तिने म्हणायचं, गिऱ्हाइकं भिंतीशिवाय फ्रेम टांगणार कुठे, तुमच्या गळ्यात? यावर तो गळा पुढे करायचा.

चौथ्या मंगळवारी तो पट्टीकडे बघून स्वतःशीच हसला. मग तिच्याकडे बघून हसला. कानाच्या पाळ्या लाल.

"काय झालं?"

"काही नाही... छान आहे."

"काय छान आहे?"

"ती... काच."

दिवसभर ती त्या हसण्यावर चरफडत राहिली. पुढच्या मंगळवारी आपण केस जरा जास्तच नीट बांधलेत हे आरशात दिसलं, तेव्हा ती स्वतःवर चरफडली.

सातव्या मंगळवारनंतर शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होती. हॉल खचाखच भरला होता आणि सगळ्यांचा पारा आधीच चढलेला होता. शाळेतल्या बाई उठल्या. "माझी आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. दोन बस बदलून, उभ्याने! तुमच्या भिंती जपायच्या म्हणून तिने अजून किती वर्षं उभं राहायचं?"

"आणि आमची घरं काय पुठ्ठ्याची आहेत?" बेकरीवाल्या काकू कडाडल्या.

मग आरडाओरडाच सुरू झाला. टेबलामागच्या साहेबांनी हात वर करून करून सगळ्यांना गप्प बसवलं आणि मोजणीवाल्याला अहवाल वाचायला सांगितलं. तो उभा राहिला. आवाज शांत, डोळे कागदावर.

"घर क्रमांक अकरा. सात आठवडे निरीक्षण. पट्टी अखंड. भिंत स्थिर आहे."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. स्थिर? पहिल्या आठवड्यात जिथे नख जात नव्हतं, तिथे आता आतल्या बाजूने तिची फूटपट्टी जात होती! ती ताडकन उठली.

"खोटं! साफ खोटं! फट दुप्पट झालीय. पट्टी तडकल्याशिवाय राहील कशी? तुम्हीच बदललीत. दर मंगळवारी गोडगोड बोलायचं आणि मागच्या मागे काच बदलायची!"

 तो पहिल्यांदाच चिडलेला दिसला, कानांपासून मानेपर्यंत लाल.

"मी काय वाटेल ते असेन," तो म्हणाला, "पण खोटारडा नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलंय." आणि तिच्याकडे न बघता खाली बसला.

निर्णय पंधरा दिवसांनी, असं जाहीर झालं. ती पाय आपटत घरी आली. संध्याकाळ व्हायला आली होती. बाबा दुकानातल्या बाकावर बसून एका फ्रेमची काच पुसत होते.

"कोणावर एवढी तणतणतेयस?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिने त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून ओरडून सगळं सांगितलं. फट, भुयार, पट्टी, तो खोटारडा. बाबांचा हात थांबला.

"अगं... ती पट्टी मी बदलतो."

"काय?"

"सकाळी झाडायला उतरतो ना, तेव्हा. तडकलेली दिसली की काढतो आणि दुसरी बसवतो. तीनदा बदलली. फ्रेमच्या दुकानाच्या तोंडावर तडकलेली काच? चाळीस वर्षांत ठेवली नाही मी. फटीचं म्हणशील तर जुन्या भिंतीला ती असायचीच. तूच म्हणालीस, सरकारी खूण आहे. म्हणून तारीखही होती तशीच घातली, जरा नीट अक्षरात."

त्यांनी तुकड्यांचा डबा पुढे सरकवला. तीन पट्ट्या, तिन्ही मधोमध तडकलेल्या. काच तिच्याच दुकानातली, तिनेच मोजणीवाल्याला दिली होती तीच. फरक कळणार तरी कसा?

तिला बाबांवर चिडायचं होतं, पण बाबांना सांगायचं नाही हे ठरवलं होतं कोणी? तिने स्वतःनेच. तिने डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये शिरून तिने तो डबा त्याच्या टेबलावर आदळला.

"घ्या! तीनदा तडकली. बाबांनी बदलली. त्यांना काही माहीत नव्हतं, मीच सांगितलं नव्हतं. आणि भर सभेत तुम्हाला खोटारडा म्हटलं ते... ते चुकलं माझं!"

"ही माफी आहे की धमकी?"

"दोन्ही!" तिने हाताची घडी घातली. "पण तुम्ही मोजणीवाले ना? अक्षर बदललं तेही दिसलं नाही?"

तो पट्ट्या उलटसुलट करत राहिला. बराच वेळ.

"दिसलं."

"मग?"

"मला वाटलं... तुम्ही गिरवलंत. माझा डास तुम्हाला बघवला नाही म्हणून." त्याचा आवाज पार खाली गेला. "त्या नऊची शेपटी... इतक्या मायेने काढलेली. मी मनात म्हटलं, ही बाई तोंडाने भांडते आणि... मग मी दर मंगळवारी त्या अक्षराकडेच बघत बसलो. काच अखंड आहे एवढं पाहिलं. तीच आहे का, हे नाही पाहिलं."

 ती भडकली.

"म्हणजे माझं घर दुभंगतंय आणि तू नऊच्या शेपटीवर लाजत बसलायस?"

"हो."

"अक्कल आहे का तुला?"

"मंगळवारी नसते."

"आणि ते अक्षर माझं नाहीच! बाबांचं आहे!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे मी एवढे दिवस... बाबांच्या..."

तिने दात घट्ट आवळले. हसू आलं असतं तर सगळा राग वाया गेला असता.

"अहवाल मागे घ्यावा लागेल," तो अखेर म्हणाला. "कारणासकट. या कामावरून काढतील मला."

 आपण त्याला तू म्हणालो, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

पुढच्या सुनावणीत तो उभा राहिला.  "घर क्रमांक अकराचा अहवाल मी मागे घेतो. पट्टी तीनदा तडकली होती. ती बदलली गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, कारण तिच्यावरचं अक्षर फ्रेमच्या दुकानातल्या बाईंचं आहे असा माझा समज झाला आणि ते बघण्यात... माझं कामावरचं लक्ष उडालं."

 मग हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. "काय म्हणाला गं?" बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

हसल्या नाहीत त्या फक्त शाळेतल्या बाई. "म्हणजे मार्ग कालव्याकडून, स्टेशन दहा मिनिटं लांब! यांचं जमलं, आणि माझ्या आईने चालायचं!"

ती उठली. "बाई, तुमचा राग बरोबर आहे," असं म्हणून तिने टेबलामागच्या साहेबांकडे मोर्चा वळवला. "कालव्याच्या स्टेशनापासून चौकापर्यंत फिरती गाडी हवी, चढायला सोपी. पहिल्या दिवसापासून! नाहीतर मी आणि बाई मिळून तुमच्या कचेरीच्या दारात बसू. मी किती ओरडते हे तुम्ही ऐकलंय."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग शेजारी जरा सरकून त्यांनी तिला बसायला जागा दिली. साहेबांनी मार्ग कालव्याकडे नेण्याचं आणि फिरती गाडी सुरू करण्याचं लिहून घेतलं. मोजणीवाल्याला त्याच दिवशी या कामावरून काढलं.

मग मंगळवार आला. साडेआठला ती पायरीवर उभी होती. नुसती, हवा खायला. आठ पस्तीस झाले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या गल्लीसमोर असं काहीतरी बोलायचं आणि मग तोंड लपवायचं? समजतो कोण स्वतःला?

तो कोपऱ्यावरून धावत आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"उशीर!" ती म्हणाली.

"मला डेपोत टाकलंय, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दहाला पोचायचंय."

"मग इथे काय काम आहे?"

"भिंतीची दुरुस्ती होईपर्यंत कोणीतरी बघायला हवं ना... खासगीत." त्याने कागद उलगडला. काचेची पट्टी. पुन्हा कुरतडलेली.

तिने ती बाजूला ठेवली, खिशातून स्वतः कापलेली पट्टी काढली, फटीवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टर लावलं. मग त्याच्या खिशातला लाल पेन उपसून तारीख घातली. शाळेत असताना तिचं अक्षर बघून सगळे शिक्षक कपाळाला हात लावायचे. फ्रेमखालची नावं आजवर बाबाच लिहीत आले होते, ते काही उगाच नाही.

"हे माझं अक्षर," तिने हनुवटी वर केली. "नीट बघून घे. नंतर तक्रार चालणार नाही."

तो वाकला. आधी काच पाहिली, दोन्ही टोकं पाहिली, फट पाहिली. आणि मग अक्षर. बराच वेळ.

"काही म्हणजे काही वाचता येत नाही," तो म्हणाला. "नीट लागायला... खूप मंगळवार लागतील."

"लागू देत."

आतून बाबांचा आवाज आला, "काच तडकली की सांगा रे! मी बदलतो!"

"बाबा, हात लावायचा नाही!" दोघंही एका दमात ओरडले.

तोही बाबा म्हणाला, हे दोघांच्या जरा उशिराच लक्षात आलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने त्याच्यावर चिडायचा मनापासून प्रयत्न केला, पण या खेपेला तिला ते जमलं नाही.