पेवातली सातवी बाटली

काचेची बाटली किती जुनी, हे तिच्याकडं नीट बघितलं तर कळतं. उजेडात धरून सावकाश फिरवायची. साच्यातली असेल तर कुशीवर सांध्याची बारीक रेघ असते. ती थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, अलीकडची. फुंकून घडवलेलीला रेघच नसते. तिच्या तळाशी लोखंडी दांडी मोडून काढल्याचा खरबरीत डाग राहतो. माझे वडील विष्णुपंत, तुळजापूरचे वैद्य, त्याला बेंबी म्हणायचे. त्यांच्या औषधाच्या बाटल्या धुता धुता मी हे शिकले.

म्हणूनच सत्तावन्न सालच्या दसऱ्यानंतर शरणबसप्पा दुकानदार आमच्या मुरुमच्या घरी टोपली घेऊन आले. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत बुजवलेलं त्यांचं पेव, जमिनीतलं धान्याचं कोठार, नऊ वर्षांनी उघडलं होतं. त्यात भुशाखाली सात बाटल्या निघाल्या.

"नीलाक्का, आमच्या आज्याच्या असतील तर आमच्या. पर त्या गडबडीत कुणी भरवशानं ठिवून गेलं असंल, तर ज्याची त्याला द्याय पाहिजे. तुमी वय सांगा, म्हंजे आमचं ठरंल."

"पेवात उतरलं कोण?"

"म्हारुद्र, आमचा गडी. आदी कंदील सोडला, रीतच हाय ती. बंद पेवात हवा कोंदलेली, दिवा इझतोच. मग दोन दिस तोंड उघडं ठेवायचं." त्यांनी टोपली खाली ठेवली. "ह्या बारीला इझला न्हाय. चुलीला फुंकर घालावी तसा मोठा झाला."

माझी चारू तेव्हा सहा महिन्यांची. जन्मली तेव्हा रडलीच नाही. सुईण इरम्मानं तिच्या तोंडात फुंकर घातली तेव्हा कुठं श्वास सुरू झाला. पण झोपेत तो अजून अडायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. छाती थांबायची, ओठ निळसर व्हायचे. मी तळपाय चोळायची, मग ती एकदम हवा ओढायची. "बसायला लागेपर्यंत जपा," एवढंच उमरग्याचे डॉक्टर म्हणाले होते. भाकरी थापताना, पाणी भरताना मी तिचे श्वास मोजत असायची. दुसरं काही डोक्यात नव्हतंच.

दुपारी ती झोपली की पाळण्याशी बसून मी एकेक बाटली पुसू लागले. आमचे हे शाळेतून आले आणि टोपी खुंटीला लावत हसले. "वैद्यबुवांची लेक बाटल्यांच्या पत्रिका मांडतेय वाटतं!"

"मांडतेय. सहांच्या जुळल्या."

चार साच्यातल्या, रेघ खांद्यावरच थांबलेली. दोन फुंकलेल्या, हिरवट, काचेत लांबट बुडबुडे. साहींचे तळ झिजलेले. फळीवरून वर्षानुवर्षं उचलल्या-ठेवल्याचे बारीक ओरखडे, वाट्टेल त्या दिशेनं गेलेले. मुद्दाम घासले तर ते एकाच बाजूनं जातात. साही पन्नास-साठ वर्षांच्या. म्हणजे आज्याच्याच.

सातवीला रेघ नव्हती. बेंबी होती, बोटाला टोचेल इतकी ताजी. तळावर एक ओरखडा नाही, जणू ती अजून कुठं टेकलीच नव्हती. तोंड लाखेनं बंद. आणि अंगाला भट्टीची राख, पुसल्यावर माझ्या बोटाला लागली.

बाटली कोमट होती. उन्हात राहिली असेल म्हणून मी ती कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशीही कोमटच.

तिसऱ्या दिवशी काचेला आतून वाफ धरलेली दिसली. ती विरायची, पुन्हा धरायची. ओल राहिली असेल आत, मी म्हटलं. पण मला मोजायची सवय लागलेली. वाफ चारूच्या श्वासाबरोबर धरत होती.

बरोबर नव्हे. किंचित आधी.

आणि तेव्हा ध्यानात आलं, की तीन दिवसांत चारूचा श्वास एकदाही अडला नव्हता.

मी बाटली परत कोनाड्यात ठेवली आणि मोजत राहिले.

आठव्या दिवशी शरणबसप्पा परत आले. मी म्हटलं, "सहा तुमच्या आज्याच्या, अप्पा. सातवी नवी आहे. फार नवी. कुठली, ते मला सांगता येत नाही."

"मग ती कुणाची तरी ठेव. देवळीत ठिवतो, मालक येईपत्तर."

त्यांनी टोपली उचलली. माझ्या ओठांवर आलं होतं, पण दुसऱ्याची ठेव मी कुठल्या तोंडानं मागू?

ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले.

पाळण्यातला आवाज थांबला.

चारूची छाती हलत नव्हती. तळपाय चोळले. पाठ थोपटली. ओठ निळे झाले, मग काळपट.

तिला उराशी धरून मी अनवाणी धावले. "अप्पा! थांबा!"

ते वळले. मी टोपलीतून बाटली उचलली आणि चारूच्या अंगाला लावली.

काचेला वाफ धरली.

चारूनं श्वास घेतला.

शरणबसप्पा बघतच राहिले. कधी काचेकडं, कधी पोरीकडं. मग रुमालानं कपाळ पुसत हळूच म्हणाले, "मालकीण घावली म्हणायची, अक्का. ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर तिचा श्वास अडला नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, पुन्हा ऐकली, आणि "आता बिनघोर असा" म्हणाले. आठव्या महिन्यात ती आधाराशिवाय बसली. खालचे दोन दात आले. त्या दिवशी मी देवाजवळ दिवा लावला आणि बरीच वर्षं साठल्यासारखी रडले.

येळवशीला, डिसेंबरातल्या अवसेला, सगळं गाव रानात जेवायला जातं. शरणबसप्पांनी आम्हाला त्यांच्या गाडीत घेतलं. आंबिलाचं मडकं, ओल्या दाण्यांच्या भज्जीचं पातेलं, आणि माझ्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली बाटली. तिला मागं ठेवून मी कुठं जात नाही. थंडी अशी, की बैलांच्या नाकपुड्यांतून वाफेचे लोट निघत होते. बोललो की आमच्याही तोंडातून धूर.

शरणबसप्पांनी चारूपुढं तोंडाचा चंबू करून फू केलं. "बघा चारूबाई, बिडीबिगर धूर!"

चारू खदखदून हसली. यांनी फू केलं, ती पुन्हा हसली. ओठ लालभोर, श्वास खोल आणि सलग. मी तिच्याकडं डोळे भरून बघत होते.

तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

मी वाट बघितली. ती आणखी हसली, तोंड उघडं टाकून. काही नाही. मांडीवरची काच मात्र आतून पांढरीफट्ट झालेली.

मी दुपट्याचा आणखी एक वेढा बाटलीला घातला आणि पदर तिच्यावर ओढून घेतला. तिला वारा लागू नये म्हणून.