कडूच्या वाटचं अंडं

कोल्हारच्या उसाच्या बांधावर ओंकारची मोटारसायकल थेट निकिताच्या अंगावर आली, आणि तिच्या पिशवीतली अंडी फुटली.

"डोळे काय कारखान्यात ठेवून आलात?"

"व्हय... आत्ता सापडले बघा." तो तिच्याकडे बघतच राहिला.

मेला चावट! पण निकिताला हसू आलंच.

निकिता अंगणवाडी सेविका. अंडी होती कडूसाठी. कडू म्हणजे ऊसतोड्यांच्या कोपीतली, पाचटाच्या झोपडीतली, दोन वर्षांची पोर, नुसता हाडांचा सापळा. आधीची दोन लेकरं गेलेली. हिला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून आईनं मुद्दाम असं नाव ठेवलेलं. अशा पोरांना वजन सावरेपर्यंत अंगणवाडीत दिवसातून चार-पाचदा भरवायचं, अशी सरकारची योजना. निकिता तिला भरवताना गोडू म्हणायची.

"आमालाबी म्हना की गोडू," दुसऱ्या दिवशी भरपाईची अंडी घेऊन आलेला ओंकार म्हणाला.

"तुम्हाला? तुम्ही तर पक्कं कारलं!"

मग तो रोजच यायला लागला. ओंकार साखर कारखान्याचा स्लिपबॉय. ऊसतोड्यांची कोणती टोळी कुठल्या उसाच्या फडात तोडीला जायची, हे तो टोळ्यांना सांगायचा. निकिताला धास्ती या हलवाहलवीचीच होती. टोळी हलली की कडूचं खाणं तुटणार.

"त्यापेक्षा तिला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करते. आईचा खाडा होईल, पण पोर वाचेल."

"कशाला? मी हाय ना! कडू सावरंस्तोवर टोळी हलू देनार न्हाई... तुमच्यासाठी एवढंबी करनार न्हाई व्हय?"

पिशवी देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा रेंगाळली. ती लाजली... आणि दवाखान्याचा विषय तिथंच राहिला.

एका सकाळी ती गेली, तर फड मोकळा. कोप्यांच्या जागी चुलींची राख. कारखान्याच्या साहेबानं दरडावलं, आणि ओंकारनं टोळी पार गोदावरीपलीकडं धाडली. तिथं जवळपास अंगणवाडी नव्हती. निकिताला सांगायचं त्याचं धाडस झालं नाही. तिचे फोनही त्यानं उचलले नाहीत.

आठवड्यानं फोन आला, तो कडूच्या आईचा. "ताई... नाव कडू ठिवलं, तरी नेलीच वो..."

त्याच संध्याकाळी ओंकार निकिताच्या दारात उभा, डोळे सुजलेले. "निकिता, लई चुकलं माझं. साहेब नोकरीवरून काढतो म्हनला... पन माझा जीव हाय तुमच्यावर. खरंच हाय."

"माझाही आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्या शब्दावर विसंबले. म्हणून तर तिला दवाखान्यात नेलं नाही."

तो काही बोलणार होता... तिनं त्याच्या हातात एक अंडं ठेवलं. सकाळी सवयीनं उकडलेलं, कडूच्या वाटचं. आणि दार लावून घेतलं.