हरणाबाईचं पाणी

हे पाणी जतहून कॅनमधून मागवलेलं आहे, निर्धास्त प्या. कंदील जरा पुढे सरकवते. तुम्ही इथे मुक्कामाला आलेले पहिले पाहुणे, आणि मला कुणापासून काही लपवायचं नाही. गाडीच्या टाकीतलं पाणी मी तुम्हाला का दिलं नाही, ते ऐका. मग काय ते ठरवा.

मागच्या वैशाखात मी ही गाडी घेऊन पहिल्यांदा या माळावर आले. जर्मनीत चार वर्षं शिकून नुकतीच परतले होते. आपल्याकडे गवताळ माळाला पडीक म्हणतात, याचा मला संताप यायचा. इथे लांडगे आहेत, खोकड आहेत, पहाटे चंडोल गातात. माणसांनी इथे येऊन दोन दिवस राहावं, म्हणजे त्यांना हा माळ राखावासा वाटेल, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून जुना टेम्पो घेतला, त्यात पलंग, शेगडी आणि ऐंशी लिटरची टाकी बसवली. गावात तिला घरगाडी म्हणतात.

माळ आबांच्या नावावर. आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार लालासाहेब. फौजेतून येऊन दहा वर्षं झाली, तरी हुकूम सोडायची सवय गेलेली नाही.

"तीन दिस एकटी ऱ्हा," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी येनार. कायबी वंगाळ दिसलं, तर गाडी इकायची आन जर्मनीतली नोकरी धरायची. हाय कबूल?"

"कबूल. पण उशीर केलात तर तुम्ही हरलात."

"फौजी हाय मी. उशीर तुजी आई करती."

पहिला दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. गाडीच्या सावलीत पिठलं-भाकरी खाल्ली, गवताचा आवाज ऐकत पडून राहिले. मला परत कुठेही जायचं नव्हतं. संध्याकाळी टाकीच्या बाजूची, पातळी दाखवणारी नळी पाहिली. पाणी पासष्टवर आलं होतं. पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला वारा पडला. उन्हाने पत्रा तडतडत होता. मी पलंगावर आडवी होते. गाडीच्या मागून आवाज आला... गळ्... गळ्... गळ्... घागरीतून टाकीत पाणी ओतल्यासारखा. मग धातूवर धातू टेकल्याचा बारीक आवाज. आणि वास आला, ओल्या माठाचा, गार.

"कोण आहे?"

आवाज थांबला. क्षणभराने पुन्हा सुरू झाला... सावकाश... मला घाबरवायचं नसल्यासारखा.

मी बाहेर आले. चारी बाजूंना मैलभर मोकळा माळ, चिटपाखरू नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. खाली धुळीत घागरीच्या बुडाएवढं ओलं वर्तुळ. मी वाकेपर्यंत तेही वाळलं. नळीत पाणी पुरतं ऐंशीवर होतं.

उन्हं कलल्यावर तानुबाई शेळ्या घेऊन आली. पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी. मी तिला विचारलं, "आजी, इथे कुणी पाणी घेऊन येतं का?"

ती माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत राहिली. "भरली व्हय?"

"हो."

"मग भरू दे की. हितनं मोप वाटसरू जायचं. हरणाबाईची पानपोई हुती. पुढं वाट मोडली, मानसं यायची बंद झाली." तिने शेळीला हाकारलं. "ती न्हाई बंद झाली."

"वाईट आहे का ती?"

"पानी पाजनारी वाईट कशी आसंल, गं?"

मी तांब्या पुढे केला. तानुबाईने हात मागे घेतला.

"मी न्हाई पीत मातर. माजी तहान माजी ऱ्हाऊ दे."

त्या रात्री मी ठरवलं, आबांना सगळं सांगायचं. खोट्यावर माळ राखता येत नाही. मग गाडी गेली तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता मोटरसायकल थांबली. आबा दाराशी आले नाहीत. मी मागच्या खिडकीतून पाहिलं. ते चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांचा उजवा गुडघा सहा वर्षं वाकला नव्हता. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली होती, गळ्याची घाटी वरखाली होत होती, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. ओंजळीच्या वर नुसतं ऊन होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी, पुरे म्हणतात तशी मान हलवली. मिशा पुसल्या.

"आबा... मला तुम्हाला काही सांगायचंय..."

"लय ग्वाड पानी हाय, पोरी." त्यांचा चेहरा तरण्या माणसासारखा दिसत होता. "ऱ्हा तू हितं. लागंल तिथं सही करतो."

आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या गळ्यात पडले.

तेव्हापासून वर्ष झालं. आबा रोज बाराच्या आत येतात, पाणी पितात, हसत परत जातात. घरी थेंबही घेत नाहीत. गुडघा बरा आहे. माझं म्हणाल, तर मीही टाकीतलंच पाणी पिते आणि इथून हलतच नाही. ते माळाच्या ओढीने की त्या पाण्याने, मला फरक कसा कळणार? मी सुखात आहे.

काल मात्र आबा आले नाहीत. टाकीही भरली नाही. साडेबाराला मी आईला फोन लावला.

"अगं, गाडी पंक्चर झाली त्येंची," आई म्हणाली. "घरामागं परड्यात बसल्यात उकिडवं. वंजळ धरल्या. सदरा भिजलाय बग सगळा."

"आई... तिकडे कुणी आहे का?"

फोनमध्ये पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"मलाबी लय तहान लागली हुती, क्रांती," ती समाधानाने म्हणाली.